काट्यावरची लेक

४ डिसेंबर, कुंडल
क्रांती बाळंत होऊन आज दवाखान्यातून घरी आली. मुलगी. आमची दुसरी. क्रांतीच्या गोळ्या कडक, अंगावर पाजायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी पावडरचं दूध लिहून दिलंय. पोरीचं वजन थोडं उतरलंय. पहिल्या दिवसांत सगळ्यांचंच उतरतं, बाटलीवरच्यांचंही, असं बाई म्हणाल्या. मला टेन्शन नाही. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी आहे माझी. वजनातलं मला कोण शिकवणार?

थोरली अशीच उतरत उतरत गेली. त्याचा इथं काही संबंध नाही.

५ डिसेंबर, सकाळ
आप्पासोच्या किराणा दुकानातला काटा आणला. संकल्प: दिवसातून एकदाच वजन. आई करवादली, लेकराला तोलू नगं रं, दिष्ट लागती. अंधश्रद्धा!

दुपार
वजन कमी. संकल्पात सुधारणा: प्रत्येक बाटलीनंतर.

६ डिसेंबर
अजून कमी. ऊस रानातून काट्यावर येईतो वाळतो, घट धरावीच लागते, हे रोज मीच लोकांना समजावतो. पण ऊस काही डोळे उघडून बघत नाही. हिचे डोळे थेट थोरलीचे. झोपेत थोरली रडल्यासारखी वाटते; दचकून उठतो, तर ही गप्प. गप्प असली की जास्त भीती वाटते. भीती म्हणजे, काळजी.

उपाय सापडला. गाडी हलकी भरली तर माल वाढवायचा. बाटलीत पावडर एक चमचा जादा. क्रांतीला बोललो नाही. उगाच घाबरायची.

७ डिसेंबर
उलट्या. शी खडा. पोरगी रडून रडून लालबुंद. तडक सांगली. बाईंनी विचारलं, दूध कसं बनवता? सांगितलं. बाई अशा कडाडल्या की सगळी ओपीडी माझ्याकडं वळून बघायला लागली. पावडर जादा म्हणजे लेकराला पाणी कमी, जिवावर बेतलं असतं. डब्यावरचं माप म्हणजे माप. थोडक्यात निभावलं.

माझंही मत पहिल्यापासून तेच होतं. चमचाच जरा लहान वाटला, एवढंच.

क्रांती बोलत नाही.

१४ डिसेंबर
वजन भरून आलं! जन्माच्या वेळेइतकं. घरात सगळ्यांना सांगितलं, लक्ष ठेवलं म्हणून. खात्रीला परत काट्यावर ठेवायला निघालो, तर क्रांतीनं तोंड उघडलं. आवं, सारखं काट्यावर ठेवतासा, मांडीवर कवा घेणार?

घेतलीच नव्हती. थोरली माझ्याच मांडीवर गेली, म्हणून.

बसलो. क्रांतीनं तिला मांडीवर दिली. लगेच पँट ओली. मला हुंदका आवरेना. आई म्हणाली, घे गं पोरीला, ह्यो पाडंल.