हीट पंप काढणार नाही

प्रिय लंबू,

काल फोन कट झाला तो रेंज गेली म्हणून नाही. मी ठेवला. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र लिहायला बसले. पत्राला मध्येच तोडता येत नाही, फार तर फाडता येतं, आणि फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून मग फाड. तुझं म्हणणं मला नीट कळलं आहे. दुकानदाराने आईला गंडवलं, तो पाणी तापवायचा हीट पंप काढून परत करावा, आईला आता एकटीने घर सांभाळणं झेपत नाही, तेव्हा घर विकावं आणि आईने मुकाट्याने तुझ्याकडे राहायला यावं. माझं उत्तर नाही असं आहे. हीट पंप परत जाणार नाही, घर विकलं जाणार नाही, आणि मी कुठेही जाणार नाही.

जुना गीझर खालून गळायला लागला तेव्हा तू म्हणालास, एखादा छोटा स्वस्तातला बसवून घे, तसंही आता किती दिवस राहणार आहेस तिथे. ते ‘तसंही’ माझ्या डोक्यात गेलं. तसंही म्हणजे काय रे? मी चालते, फिरते, माझा स्वयंपाक माझी मी करते, जिना चढताना तुझ्याइतकी धापसुद्धा टाकत नाही. त्याच दिवशी मी ठरवलं की बाजारात सर्वांत जास्त टिकणारं पाणी तापवायचं यंत्र जे असेल ते घ्यायचं. हट्ट म्हण हवं तर. हट्टच होता.

पण हट्टाने घेतलं म्हणून डोळे मिटून घेतलं नाही. रुग्णालयाच्या खरेदी विभागात माझी सगळी नोकरी झाली, हे तू सोयीने विसरतोस. तिथे आमची एक रीत होती. यंत्र किती चांगलं आहे हे विकणाऱ्याला विचारायचंच नाही, तो बिचारा दुसरं काय सांगणार? ज्याच्याकडे ते पाच वर्षं चाललंय त्याच्याकडे जायचं आणि एवढंच विचारायचं, की शेवटचं बंद पडलं तेव्हा कोण आलं, आणि किती दिवसांनी आलं. दुकानातल्या टायवाल्याला मी हे विचारलं तर तो मला रंग दाखवायला लागला. पांढऱ्यात आहे, राखाडीत आहे. मी म्हटलं, मला त्याला लग्नाला न्यायचं नाहीये, जुन्या गिऱ्हाइकांचे पत्ते दे.

मग पत्ते घेऊन हिंडले. मुलींच्या एका वसतिगृहाच्या गच्चीवर ऐटबाज हीट पंप होता आणि त्याच्यावर टॉवेल वाळत घातलेले होते. कंपनीने इथलं दुरुस्ती केंद्र गुंडाळलं, तेव्हापासून तो दांडीचंच काम करतो, असं रेक्टरबाई अगदी शांतपणे म्हणाल्या. एका दातांच्या डॉक्टरांकडचा छान चालत होता, पण घरघर एवढी की शेजाऱ्यांशी त्यांचं बोलणं बंद. शेवटी एक निवृत्त जोडपं भेटलं. त्यातले आजोबा मला थेट टाकीपाशी घेऊन गेले. हा हवेतली ऊब ओढून पाण्याला देतो, म्हणून वीज कमी खातो, पण घाई करत नाही, तासन्‌तास तापवत बसतो, त्याला त्याच्या चालीने चालू द्यायचं, असं म्हणाले. टाकीच्या आत एक कांडी असते, गंज टाकीऐवजी तिला खातो, ती वेळेवर बदलली की टाकी टिकते, हे तर त्यांनी स्वतःच्या दातांबद्दल बोलावं तशा अभिमानाने सांगितलं. आणि त्यांचा मेकॅनिक बोलावल्या दिवशी येतो. तो आपल्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. बस, माझं ठरलं. एवढं हिंडलीस कशी, असं तू विचारलंस तेव्हा मी रिक्षाने म्हणून सांगितलं. ते खरं नव्हतं. त्यावर येते.

यंत्र न्हाणीघराला लागून मागच्या बोळात बसवलं. तिथे वारा खेळतो, शेजारच्यांची निजायची खोली लांब आहे, आणि त्यातून ठिबकणारं पाणी थेट मोरीत जातं. धुण्याचे शिंतोडे उडतात म्हणून वायरमनने बटण चांगलं वर, पार झरोक्याच्या खाली लावलं. सकाळी टाकी भरून यंत्र चालू केलं, मेकॅनिक बजावून गेला की पहिल्यांदा सगळं पाणी तापायला वेळ लागेल, बटणाला हात लावू नका. आणि दुपारी तू दारात हजर. न कळवता, हातात बॅग आणि तोंडात घर विकायचा विषय घेऊन. आल्या आल्या आधी अंघोळीला शिरलास.

पुढचं तुझ्यापेक्षा मला जास्त माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तू टॉवेल गुंडाळून न्हाणीघराच्या दारात उभा राहून असा काही ओरडलास, की समोरच्या बाईंनी खिडकी उघडली. पाणी कोमट. तिसऱ्या दिवशीही कोमट. मी म्हणत होते की तापतंय अजून, धीर धर. तू ऐकशील तर शपथ. एवढं मोठं धूड आणून ठेवलंय आणि अंघोळीला कोमट पाणी, आईला कोणीही टोपी घालतं, असं तू माझ्यासमोर आत्याला फोन करून सांगितलंस. मग दलालाला फोन केलास आणि रविवारी गिऱ्हाईक घेऊन ये म्हणालास. माझ्या घराचं गिऱ्हाईक, माझ्याच स्वयंपाकघरात उभा राहून. तुला वाटलं मी भाजी चिरतेय म्हणून मला ऐकू येत नाहीये.

तू गेलास आणि पाणी पार गार झालं. खोटं कशाला बोलू, मी घाबरले. आत्याचा फोन आला, ती माझ्याशी हळूहळू आणि मोठ्याने बोलत होती, जसं बहिऱ्याशी बोलतात. वहिनी, आता सोड गं हा नाद, म्हणाली. मला वाटलं, खरंच माझं काहीतरी चुकायला लागलंय का? इतक्या वर्षांच्या खरेदीत कधी फसले नाही आणि स्वतःच्या घरात फसले? माझ्याच हातून काहीतरी चुकलं असेल आणि मला आठवतही नसेल, तर? त्या दोन दिवसांत मी दलालाला हो म्हणायच्या अगदी काठावर होते, हे तुला सांगून ठेवते. इतकं सोपं असतं रे माणसाला म्हातारं करणं. चारचौघांनी एका सुरात बोलायचं, बस.

मग मेकॅनिक आला. त्याने वर हात केला, खटकन बटण लावलं आणि यंत्र घूं करून सुरू झालं. बटणच बंद होतं. त्याने विचारलं, काकू, कोणी बंद केलं? मी मान खाली घालून म्हटलं, मीच केलं असेल सवयीने. तो गेल्यावर मी बोळात उभी राहिले आणि सहज हात वर केला. माझा हात पोचेना. टाचा उंचावल्या तरी पोचेना. मला तिथे स्टूल लागतं, आणि स्टूल माळ्यावर पडलंय. या घरात त्या बटणाला उभ्या उभ्या हात लावणारा एकच प्राणी येऊन गेला होता, आणि त्याला आठवीपासून मी लंबू म्हणते.

आधी मी एवढी हसले, की बोळातल्या बादलीवर बसकण मारली. मग रडलेही. अंघोळ करून कोणी बाहेर आलं की तुझे बाबा जिथे असतील तिथून हाक मारायचे, बटण बंद केलं का? पाहुण्यांनासुद्धा सोडत नसत. ते गेले, पण तुझा हात अजून त्यांचं ऐकतो. अंघोळीआधी दहा मिनिटं बटण लावायचं आणि बाहेर पडताना बंद करायचं, तुला कळलंही नसेल आपण काय करतोय ते. त्याबद्दल माझा राग नाही, उलट तुला जवळ घ्यावंसं वाटलं. राग याचा आहे, की पाणी गार लागताच तू यंत्राला दोष दिलास, दुकानदाराला दिलास, आईच्या डोक्याला दिलास, पण आपला हात कुठे पडला होता ते एकदाही बघितलं नाहीस. आणि हे तू काही पहिल्यांदा केलेलं नाहीस.

आता रिक्षाचं. मला त्या सगळ्या पत्त्यांवर स्कूटरवरून नेलं ते तुझ्या बायकोने. हो, अजून बायकोच, कागद व्हायचेत तोवर. तुमचं का बिनसलं ते तुम्ही दोघांनी मला दोन तऱ्हांनी सांगितलं. मी निवाडा केला नाही, करणारही नाही. पण तिच्या घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली, तिने ते तुला कळवलं, आणि तू ‘बघू’ म्हणालास, हे मला कळल्यावर मी बघत बसले नाही. घर माझ्या नावावर आहे. ती आणि तुमची लेक भिंगरी शनिवारी सामान घेऊन इथे राहायला आल्या. तुझी खोली भिंगरीला दिली आहे आणि पोरीचा भिंतीला खडूही लावून झाला आहे. रविवारी दलाल गिऱ्हाईक घेऊन आला तेव्हा दार तुझ्या बायकोनेच उघडलं, आणि घर बघायचंय म्हटल्यावर तिने घरात माणसं राहतात एवढंच सांगून दार लावलं. हे तुला दलालाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. तू माझा आहेस, तुला भेटल्याशिवाय मला चैन पडणार नाही, तेव्हा ये, जरूर ये. फक्त यापुढे येण्याआधी फोन करायचा. आणि तो मला करायचा नाही. तिला करायचा, आणि ती ये म्हणाली तर यायचं.

तुझीच, पण आता एकट्या तुझी नव्हे, अशी

आई