केळीवाला काका

वाघमारे सर,
सविनय जय भीम.

मी सुमेध, आठवीतून पळालेला. सध्या कामोठ्याला एका सोसायटीत गाड्या धुतो. चार कामं सोडून हे पाचवं, पण हे जमलंय.

परवा तिथला नववीतला पार्थ मागे लागला. प्रगतिपुस्तकावर पप्पांची सही त्यानेच ठोकली होती, म्हणून शाळेने पालकांना बोलावलं होतं.

"दादा, पप्पांना कळलं तर मेलोच. तू मामा बनून चल ना!"

मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. बाईंनी विचारलं, "आपण पार्थचे कोण?"

"कोणी नाही, बाई. यांची गाडी धुतो. आज घरी हा स्वतः सांगेल. मी दारापर्यंत सोबत जाईन."

पार्थ मला खाऊ की गिळू असा बघत होता. पण संध्याकाळी घरची बेल त्यानेच वाजवली. मी जिन्यात उभा होतो. आतून चांगलाच ओरडा ऐकू आला. सकाळी मात्र हा खाली येऊन म्हणतो, "टेन्शन गेलं, दादा. उद्या पप्पाच शाळेत येतायत."

सर, आठवीत तुम्ही घरच्यांना बोलावलंत तेव्हा मीपण काका म्हणून स्टँडवरचा केळीवाला आणला होता. तुम्ही रोज त्याच्याकडूनच केळी घ्यायचात. तरी "काका, पोराकडे लक्ष ठेवा" म्हणत हसून सोडलंत. महिन्याभरात मी शाळा सोडली.

तुम्ही दया केलीत, ठाऊक आहे. म्हणूनच हे पत्र टाकणार नाही. पण त्या दिवशी कान धरून बाबांकडे नेलं असतंत ना, तर मी आलो असतो, सर.

अजूनही तुमचाच विद्यार्थी,
सुमेध