पिंगीचा पारा

४ ऑक्टोबर. मी ३५.१, पिंगी ३४.०

पोहोचलो एकदाच्या! पाववाल्या काकांच्या गाडीत, क्रेटमागे सहा तास अंग चोरून बसलो. माझी पाठ पार मोडली, आणि पिंगीने वाटेत अकरा पाव फस्त केले. एवढ्याशा पोरीचं हे पोट आहे की पोतं, असं काकांनी विचारलं, पण हसून. संस्थेत रोज पाव टाकायला येणारा माणूस आम्हाला कुंपणाबाहेर काढेल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

ही त्यांच्या बहिणीची लाँड्री. खाली तीन मोठी मशिनं, इस्त्रीचं लांबलचक टेबल आणि हॉटेलांच्या चादरींचे ढीग. वर दोन खोल्या, त्यातली एक आमची. आमची! दाराला आतून कडी आहे. मी ती चार वेळा लावून पाहिली. बाईंना काय म्हणू विचारलं, तर म्हणाली, काकू म्हण की, आणखी काय.

ही वहीसुद्धा तिनेच दिली. मनात साचलं की लिहून टाकावं, म्हणाली. वरचे आकडे मात्र माझ्या सवयीचे. संस्थेत उठल्या उठल्या थर्मामीटर, मग पानाच्या डोक्यावर आकडा, मगच दूध. थर्मामीटर मी येताना ढापून आणलाय.

आम्ही बनवलेली मुलं. जन्माआधीच आमच्यात काहीबाही बदललेलं. मला भिंतीपलीकडचं ऐकू येतं. पिंगी माझी धाकटी बहीण, सात वर्षांची. तिचं खरचटलेलं संध्याकाळपर्यंत भरून येतं. आमचं अंग इतरांपेक्षा गार. ज्याचा पारा बत्तीसवर उतरेल ते मूल ‘तयार’, आणि तयार मुलाला खालच्या खोलीत नेत. तिथून एकही परत आलं नाही. पिंगीचा पारा उतरायला लागला होता, म्हणून तर पळालो. तिला त्या खोलीत जाऊ देणार नाही. बस्स.

७ ऑक्टोबर. मी ३५.१, पिंगी ३३.८

इस्त्री शिकले. पहिल्या दिवशी उशीची खोळ जाळली. काकू म्हणाली, एक खोळ म्हणजे शिकवणीची फी. मशिनं सुरू झाली की माझे कान भरून जातात आणि दुसरं काहीच ऐकू येत नाही. काय सुख आहे म्हणून सांगू! जन्मात पहिल्यांदा डोकं शांत.

पिंगी काकूच्या पदराला नुसती चिकटलीय. परवा अंगणात खेळायला निघाली आणि म्हणाली, जाते. काकूने तिला थांबवलं. जाते म्हणू नये बाळा, येते म्हणावं, मागे वाट बघणारं माणूस असतं. तेव्हापासून ही टवळी दोन पावलं जायचं झालं तरी काकूला शोधून येते हं म्हणून येते. बाथरूमला जातानासुद्धा.

१२ ऑक्टोबर. मी ३५.०, पिंगी ३३.१

आकडा आवडत नाही मला. पण पोरगी गुटगुटीत झालीय, खिदळते, दुपारी काकूजवळ अक्षरं गिरवते. मग पारा का उतरतोय?

आज काकूने माझे केस विंचरले. गुंता सोडवताना एकदाही ओढ बसली नाही. माझ्या तोंडातून आई निघणार होतं, मी खोकला काढला. तिला कळलं बहुतेक. तेल आणायला उठली.

१५ ऑक्टोबर. मी ३५.१, पिंगी ३२.७

पिंगी आता वाचते! चादरींवरच्या चिठ्ठ्या वाचून दाखवल्या. मी टाळ्या वाजवल्या. मग फुशारकी मारत म्हणाली की तिला अवघड शब्दपण येतात, आणि हवेत बोट फिरवून एकेक अक्षर लावत तिने म्हटलं: खालची खोली.

हे कुठे वाचलंस विचारलं. तुझ्या वहीत, म्हणाली. दुपारी मी इस्त्रीला असते तेव्हा काकू हीच वही मांडीवर घेऊन तिला शिकवते. पहिल्यांदा वरचे आकडे वाचायला लावते.

घरात दुसरं पुस्तक नाही, म्हणून असेल. काकूच्या मनात काही नसेल. माझंच मन चोरटं झालंय, संस्थेत राहून राहून.

१६ ऑक्टोबर. मी ३५.१, पिंगी ३६.२

(आज अंगात जरा ऊब आहे पिंगीच्या. बरं वाटलं.)

१७ ऑक्टोबर

हे वहीत नाही. चादरींना लावायच्या चिठ्ठ्यांवर लिहितेय, मागच्या कोऱ्या बाजूला.

कालचा आकडा खोटा होता. पिंगी खरी ३२.५ होती. मी कुणापाशी अक्षर काढलं नव्हतं, फक्त वहीत लिहिलं. आज सकाळी पाववाले काका आले. पावांच्या पिशवीत वर नवा कोरा थर्मामीटर. म्हणाले, जुने कधी कधी बिघडतात, म्हटलं असू द्या एक घरात.

मी थँक्यू म्हटलं. पिशवी घेऊन आत गेले.

काकूने मग स्वतः पिंगीच्या काखेत थर्मामीटर लावला आणि पाहून तिचा पापा घेतला. खूश होती.

१८ ऑक्टोबर. पिंगी ३२.३

दुपारी तिसरं मशीन फिरत होतं. आत काहीच नव्हतं. काचेतून पाहिलं — रिकामं, नुसतं गरगर. शेजारी काकू पाठ करून फोनवर.

आणि वीज गेली.

मशीन थांबलं. काकूचं वाक्य मधेच होतं. कुजबुजच, पण मला ती पुरते. इस्त्रीच्या टेबलापासून प्रत्येक शब्द ऐकला. ती म्हणाली, तुमच्याकडे भेदरलेली असतात, म्हणून पारा अडून बसतो. इथे मायेत ठेवलं की भराभर उतरतो. आधीच्या चौघांचाही इथेच उतरला.

आधीचे चौघे. ते पळाले म्हणून आम्ही पांघरुणात तोंड खुपसून हसलो होतो. त्यांचंच बघून मी —

आम्ही कुणी पळालोच नव्हतो. आम्हाला इथे पाठवलं होतं.

केस विंचरले तिने माझे. ओढ बसू दिली नाही. त्यापेक्षा मारलं असतं तरी चाललं असतं. आई म्हणणार होते मी. शी!

वर जाऊन उलटी झाली. काकूने पाठ चोळली. मी चोळू दिली.

१९ ऑक्टोबर. ३२.२

उद्या गुरुवार. अकराला चादरींचा टेम्पो हॉटेलांकडे जातो. टेम्पोवाले आजोबा मागे बघत नाहीत, नुसती कडी सरकवतात. गठ्ठ्यांमागे जागा आहे.

वहीत मुद्दाम लिहिलंय, इथेच राहावंसं वाटतं कायमचं. वाच म्हणावं काकूला.

पिंगीला सांगायचं कसं? तिच्या काकूबद्दल वाईट बोलले तर रडून घर डोक्यावर घेईल. म्हणाले, लपाछपी. मी टेम्पोत लपणार, तू दोन मिनिटांनी गुपचूप यायचं. दोघी बरोबर निघालो तर कुणीतरी बघेल. कुणाला काही सांगायचं नाही. तिने गळ्याची शपथ घेतली. शहाणी आहे माझी.

सकाळी काकूने पिंगीचा नवा फ्रॉक इस्त्री केला. उद्या दुपारी पाहुणे येणारेत म्हणाली.

२० ऑक्टोबर. घेतला नाही. हात लावला, गार होती

टेम्पोत. गठ्ठ्यांमागे. अकराला पाच.

मशिनं बंद आहेत. सगळं ऐकू येतंय. आजोबा चहा पितायत. काकू वर. पिंगीची चप्पल —

खाली येतेय. पायऱ्या मोजतेय. ये गं. ये.

थांबली.

का थांबली

दारात आली होती. दोन पावलं फक्त. काय विसरली? मी शिकवलं सगळं. बोलू नको, पळू नको, मागे बघू नको. सगळं सांगितलं, फक्त —

परत वर चाललीय. धावत.

नको पिंगे

ऐकतेय मी. स्वयंपाकघराचं दार. तिचा आवाज, खणखणीत, जसा रोज —

काकू, येते हं.

काकूची खुर्ची सरकली. कुठे निघालीस गं माझी सोनी, विचारतेय. किती गोड विचारतेय. पिंगी हसतेय. सांगणार नाही म्हणते, गंमत आहे म्हणते

वरची कडी लागली. बाहेरून.

खाली तिसरं मशीन सुरू

काही ऐकू येत नाही. आजोबा कडी सरकवायला येतायत. आता उतरले नाही तर मी सुटले. एकटी.

चिठ्ठ्या इथेच चादरीत ठेवते. ज्याला सापडतील त्याने — संस्थेत अजून एकोणीस मुलं आहेत, त्यांना सांगा, कुंपण उघडं दिसलं तरी

मी उतरतेय. पिंगे, मी आले, मी ये