तिसऱ्या बाकावरचा बिघाड

३ जून, मंगळवार
या नोंदींतून सिद्ध करावयाचे ते असे: पडद्यावरच्या खोट्या वर्गात खरा शिक्षक घडत नाही. नवशिक्षकांच्या सराव पाठांचे निरीक्षण एकतीस वर्षे मी करीत आहे. महाविद्यालयाने ते काम या पडद्यावरच्या वर्गाला, म्हणजे सिम्युलेटरला दिले, तर माझी नियुक्ती संपते. शुक्रवारी समिती बसेल. तोवर स्वतः पाठ घेऊन अहवाल देणार. निष्कर्ष तयार आहे. पुरावा तेवढा गोळा करायचा.

४ जून, सकाळी ११
भिंतभर पडदा. त्यात पाचवीची पाच मुले. एक जांभया देतो, म्हणजे वास्तवाचे भान आहे. तिसऱ्या बाकावरची मुलगी मात्र ढिम्म. विचारले, गृहीतकाविना निष्कर्ष संभवतो काय? उत्तर नाही. आणखी सहा प्रश्न. शेवटी उत्तरे मीच दिली. अचूक होती. तंत्रज्ञाला बिघाड कळवला. बघतो म्हणाला.

५ जून
तीच गत. आवाज चढवला. अकरा प्रश्न. पुरावा पुरेसा.
सूनबाई यंदाच्या नवशिक्षकांच्या तुकडीत आहे. जेवताना म्हणाली, तिच्याशी ती मुलगी पहिल्याच दिवशी बोलली. मी म्हटले, एका उदाहरणावरून नियम निघत नाही. चिरंजीव ताटात बघत पुटपुटले, "घरात तरी कुणाला बोलू देता, बाबा?" विषयांतर. नोंद घेतली नाही.

६ जून
समितीपुढे बिघाड सप्रमाण मांडला. तंत्रज्ञाने एक कागद पुढे सरकवला.
"सर, प्रश्न विचारून चार सेकंद थांबलं की ती बोलते. तुम्ही जास्तीत जास्त दीड सेकंद थांबलात."
तो दीड सेकंदही ठसका लागला म्हणून थांबलो होतो, हे निदर्शनास आणले. कोणी हसले नाही.

७ जून
पत्र आले. निरीक्षकांच्या यादीतून नाव वगळले. इच्छा असल्यास प्रशिक्षणार्थी म्हणून बसता येईल. त्या यादीत नाव सूनबाईच्या खाली आहे. काही वाटले नाही. चहा घेतला. निवला होता.

९ जून
सूनबाई म्हणाली, चला बाबा, मी निघालेच आहे. गेलो. तोच पहिला प्रश्न विचारला आणि घड्याळ बघत उभा राहिलो. चार सेकंद पुष्कळ असतात.
मुलगी म्हणाली, "सर, प्रश्नच कळला नाही. सोपा करून विचारता?"
हा प्रश्न एकतीस वर्षे विचारतो आहे, आजवर एकाचीही तक्रार नाही, असे सांगणार होतो. सांगितले नाही.

कबुली: चूक एकच. उत्तर मला ठाऊक होते, म्हणून मी थांबलो नाही.
(सही)
प्रशिक्षणार्थी, अनुक्रमांक चोवीस