चुलीतला पाट

अण्णा, मी सुतारकाम शिकायला जातोय. फी भरून. दर रविवारी सकाळी, इथंच नांदेडला, एका लाकडाच्या वखारीत. हसायचं तर हसा. तुमचं हसू कसं होतं ते मला आता धड आठवतही नाही, आणि भूकंपानंतर ते घरात कुणी पाहिलंही नव्हतं. सुताराचा मुलगा पन्नाशीला टेकल्यावर रंधा कसा धरायचा ते परक्याकडून शिकतोय. माझ्यासोबत एक दातांचे डॉक्टर आहेत, एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. त्यांना मन रमवायला काहीतरी हवंय. मला काय हवंय ते मी कुणाला सांगितलेलं नाही. आई परवा लातूरहून फोनवर विचारत होती, रविवारचा कुठं जातोस रे. क्लास असतो म्हणालो. तिला वाटलं मी शिकवायला जातो.

शिकवणारी मुलगी वखारवाल्यांचीच. पंचविशीची असेल. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लाकडाचा धंदा, आणि तिचे अब्बा पुढं गादीवर बसून गिऱ्हाइकाशी बोलता बोलता मान वळवून लेकीकडं बघत राहतात. तिनं फळी सरळ कापली की त्यांचा चेहरा असा फुलतो की मला तिकडं बघवत नाही. पहिल्या रविवारी तिनं विचारलं, "सर, याच्या आधी कधी करवत धरली का?" मी म्हणालो, नाही. मग तिनं प्रत्येकाला एक फळी दिली. डॉक्टर टेबलाशी उभे राहिले, बँकवाले उभे राहिले, आणि मी काय केलं, तर चप्पल काढली, खाली बसलो, फळी डाव्या पायाखाली दाबली आणि करवत चालवायला लागलो. "सर, पाय काढा, पाय!" ती ओरडत आली. "टेबलाला शिकंजा आहे ना, त्याच्यात धरा की." तिचे अब्बा मात्र गादीवरून उठून आले. "अरे बेटी, ही तर जुन्या मिस्त्री लोकांची बैठक हाय. सर, कोणाचं बघून शिकले?" मी म्हणालो, असंच. तुमचं नाव सांगायची इच्छा झाली नाही. तुम्ही मला काही शिकवलंच नव्हतं. ओट्यावर बसून मी बघत होतो, तेवढंच.

बघितलेलं सगळं आठवतंय मला. आत्याच्या घराचं माळवद घातलंत ते तर काल घडल्यासारखं आठवतंय. आपल्याकडं मातीच्या छताची तुळई कधी नुसत्या भिंतीवर टेकवायची नाही, तिच्याखाली भिंतीला लागून लाकडाचा खांब उभा करायचा, ही तुमचीच रीत होती. आत्या कमरेवर हात ठेवून उभी आहे. तिनं नवं लोखंडी कपाट घेतलंय आणि ते दोन खांबांच्या मधे बसत नाही. "दादा, हे खांब काढ बाबा. कपाटच बसंना गेलंय माझं." तुम्ही म्हणताय, "खांब असावा लागतोय. भिंतीचा भरोसा न्हाई." ती म्हणते, "दगडाची भिंत हाय, कागदाची हाय का? तू हायेस की बघायला." आणि तुम्ही हसलात. धाकट्या बहिणीपुढं तुमचं कधी काही चाललंच नाही. खांब निघाले, तुळई भिंतीवर टेकली. छत पुरं झालं की त्याच्याखाली पहिलं ताट सुताराचं, घरच्यांनी मागून जेवायचं. आत्यानं पुरणपोळी केली. मी तुमच्या मांडीला मांडी लावून जेवलो. तुम्ही घास तोंडात ठेवून वर तुळईकडं बघत होतात, आणि मला वाटत होतं, मोठं झालं की आपणही असंच वर बघत जेवायचं. दुसरं काही व्हावं असं मला आयुष्यात कधी वाटलं नाही, अण्णा.

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जमीन हलली. आपल्या घराच्या भिंती बाहेर पडल्या, पण खांब उभे राहिले, छत वरच राहिलं, आणि आपण तिघं त्याच्याखालून रांगत बाहेर आलो. आत्याचं छत खाली आलं, ती त्याच्याखालीच गेली. तिचे यजमान, आपले मामा, त्या रात्री शेतात होते म्हणून वाचले. तुम्ही हातांनी दगड उपसत होतात, आणि ढिगाऱ्यात ते कपाट चेपलेलं पण उभंच्या उभं होतं. तुम्हाला कुणी एका शब्दानं बोललं नाही. सबंध गावंच्या गावं बसली होती, कुणाला दोष देणार? मामा स्वतः तुमच्या गळ्यात पडून म्हणाले, "तुमचा काय गुन्हा हाय त्यात?" तुम्ही त्यांचे हात सोडवून बाजूला झालात.

पत्र्याच्या शेडमधले ते दिवस. तुमची हत्यारं पोत्यात बांधून कोपऱ्यात पडलेली. पडक्या घरांचं लाकूड जिकडंतिकडं, लोक त्यावर स्वयंपाक करत होते. मी एक चांगली फळी उचलून आणली आणि तुम्ही घरी नसताना पाट केला. खाली दोन आडव्या पट्ट्या, बघून बघून जशा माहीत होत्या तशा बसवल्या. आईला केवढा आनंद झाला. तिनं तुमच्या जेवणाला तोच पाट मांडला. तुम्ही आलात, उचलून पालथा केलात, खालच्या पट्टीवरून अंगठा फिरवलात. "कुणी केलं?" म्या, म्हणालो. "कामून?" आई म्हणाली, "हौसेनं केलंय लेकरानं. बसा की." तुम्ही बाहेर गेलात, अंघोळीच्या पाण्याची चूल पेटलेली होती, तिच्यात पाट सारलात. "सुतार व्हायचं न्हाई तुला. डॉक्टर हो, कायबी हो, ह्ये न्हाई." मग आत येऊन उघड्या जमिनीवर बसून जेवलात. मी चुलीपुढं उभा होतो. चांगल्या सागाचा होता, लवकर जळत नव्हता.

मग लातूर. गल्लोगल्ली क्लास निघत होते, गावोगावची पोरं ट्रंका घेऊन उतरत होती. तुम्ही मला एका क्लासला घातलंत आणि त्याच क्लासच्या फाटकावर वॉचमन म्हणून उभे राहिलात. माझा बाक डुगडुगायचा. लिहिताना अक्षर हलायचं. एके दिवशी सरांनी तुम्हालाच हाक मारली. "मामा, जरा खिळा ठोकता का याला?" सगळी पोरं बघत होती. मला वाटलं, आता तरी. तुम्ही टोपी काढलीत आणि म्हणालात, "मला येत न्हाई साहेब." माझ्यासमोर म्हणालात. मी वहीकडं बघत बसलो, पण त्या क्षणी मला तुमचा जेवढा राग आला तेवढा चुलीपुढंही आला नव्हता. घर बांधणारा माणूस म्हणतोय, मला खिळा ठोकता येत नाही.

डॉक्टर मी झालो नाही, हे तुम्ही बघूनच गेलात. मार्क कमी पडले, पुन्हा बसलो, पुन्हा कमी पडले. आता नांदेडच्या क्लासमधे भौतिकशास्त्र शिकवतो. फळ्यावर तुळई काढतो, तिच्याखाली दोन टेकू काढतो, भार किती ते पोरांकडून काढून घेतो. पोरांना वाटतं सर चिडके आहेत. आहेच मी चिडका. चूक तुमच्या तुळईची आणि शिक्षा मला, हा कुठला न्याय? तुमची बहीण गेली, कबूल. पण मी तर जिवंत होतो ना? माझ्या हातांचं काय? खांबाशिवाय तुळई ठेवू नको, एवढं एक मला शिकवलं असतंत तर त्या चुकीचं काहीतरी सोनं झालं असतं. तुम्ही हात झटकलेत आणि माझेही बांधून ठेवलेत.

गेल्या रविवारी माझा पाट पुरा झाला. त्या मुलीनं उलटसुलट करून बघितला, म्हणाली, "मस्त झाला सर, वापरा बिनधास्त." तिच्या अब्बांनी पाठीवर थाप मारली. घरी आणला. माझी मुलगी अकरावीला आहे. तीही क्लासलाच जाते, एवढा तरी तुमचा विजय झाला म्हणा. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही केला? खरंच?" आणि तिनं तो जेवायला ओढून घेतला. ती बसायला वाकली आणि मी ओरडलो. "बसू नको!" असा ओरडलो की बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "का? तुटतोय का?" पोरगी घाबरून उभी. मी पाट उचलला, पालथा केला आणि खालच्या पट्टीवरून अंगठा फिरवला. एकदा फिरवला, परत फिरवला. पट्ट्या पक्क्या होत्या. तरी तो मी तिच्या हातात परत दिला नाही.

तेव्हा तुम्ही मला कळलात, अण्णा. पण कळलं म्हणजे माफ केलं असं धरू नका. भीती तुमची होती, तुम्ही ती एकट्यानं सोसायची होती. हे पत्र मी आईलाही दाखवणार नाही. इतक्या वर्षांनी तिला त्या चुलीपुढं कशाला उभं करू? पाट पलंगाखाली सरकवून ठेवलाय. माझ्या घरात अंघोळीचं पाणी गीझरवर तापतं, म्हणूनच तो शाबूत आहे असं मला कधीकधी वाटतं. आज वखारीत त्या मुलीनं विचारलं, घरच्यांना आवडला का पाट? मी म्हणालो, हो, सगळे बसतात त्यावर. अजून कुणी बसलेलं नाही. मीसुद्धा नाही.