शेवटचं क्वार्टर न बघता

बिरंडूल, व्हिक्टोरिया
रविवार, ७ ऑगस्ट १९९४

चि. अलॉयशियस यास,
बर्नाडेटचे आशीर्वाद, पण आज हात आखडता घेऊन.

वि. वि. काल शनिवार, दिनांक ६ ऑगस्ट, दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी तू क्लबची ती पांढरी गाडी मैदानाच्या कुंपणापासून मागे घेतलीस आणि शेवटचं क्वार्टर सुरू व्हायच्या आत गावाबाहेर पडलास. नाकारू नकोस. चहाच्या मंडपात किटली हातात घेऊन मी उभी होते, आणि माझ्या डोळ्यांना अजून काही झालेलं नाही.

तू कशाला आला होतास? आपल्या भावाच्या, मार्टिनच्या नातवाला, कीरनला, पारखायला. ऑक्टोबरच्या ड्राफ्टमध्ये सगळे मोठे फुटबॉल क्लब पाळीपाळीने पोरांची नावं पुकारणार, आणि तुमच्या क्लबने कीरनचं नाव पुकारायचं की नाही ते तुझ्या शब्दावर ठरणार. मग निदान सामना तरी पुरता बघायचास! तू गेलास आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये त्या पोराने असे काही गोल मारले की मैदानाभोवतीच्या सगळ्या गाड्यांनी हॉर्न दाबून धरले. फादर क्रेननसुद्धा हॉर्नवर कोपर टेकून बसले होते. तू तेव्हा गव्हाच्या सायलोंपलीकडे पोचला असशील.

घरीही आला नाहीस. मी भोपळ्याचे स्कोन केले होते. ते मी शेजारच्या कुत्र्याला घातले आणि त्याने तुझ्यापेक्षा जास्त कृतज्ञता दाखवली.

शेवटच्या आशीर्वादाआधी मिस्सातून उठणाऱ्याने मिस्सा ऐकलाच नाही असं समजावं, असं सिस्टर फिलोमिना सांगायच्या. तुलाही त्यांनीच शिकवलं. पण त्या वेळी बहुतेक तू खिडकीबाहेर बघत असशील.

खुलासा पाठव. राग आहे, माया त्याच्याखाली आहे, ती शोधायचं काम तुझं.

तुझी थोरली बहीण,
बर्नाडेट


मेलबर्न
शुक्रवार, १२ ऑगस्ट १९९४

ती. बर्नी हिस,
लॉयचा सा. न.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. पाकीट हाताला गरम लागलं.

पहिली गोष्ट, ज्या पोराला मी पारखायला येतो त्याच्या नात्यातल्या घरी चहा घेत नाही. हा आमच्या धंद्यातला शिरस्ता आहे. दुसरी गोष्ट, आपल्या मैदानावर वारा पाठीशी असला तर तुझा स्कोनसुद्धा दोन खांबांमधून जाईल. मी बघतो ते वारा तोंडावर असताना पोरगा काय करतो ते. म्हणून तिसरं क्वार्टर.

आणि त्या तिसऱ्या क्वार्टरमध्ये, बर्नी, काय चाललं होतं ते आता तूच मला सांग. पंचाने मध्यावर चेंडू आपटून उसळवला तेव्हापासून प्रत्येक चेंडू कीरनकडे! लोनर्गनांचा तो लालकेशा पोरगा खांबांसमोर एकटा उभा, जवळपास चिटपाखरू नाही. त्याने गोल मारायचा सोडून मागे वळून चेंडू कीरनकडे धाडला. कीरन तेव्हा समोरच्या संघाच्या, गोर्मन्स वेलच्या, तीन दांडग्यांच्या खाली होता. मिरवणुकीत संतांच्या पुतळ्यापुढे फुलं टाकावीत तसा सगळा संघ त्याच्यापुढे चेंडू टाकत होता. त्या दांडग्यांनाही दोन मिनिटांत कळलं, आणि ते त्याच्या अंगाखांद्यावरच राहायला गेले. असा पोरगा पारखायचा कसा? चेंडू कुठे पडेल ते त्याला आधी कळतं का, हे मला बघायचं होतं. तिथे तर सगळ्या गावालाच आधी कळलं होतं.

कुणी सांगितलं त्यांना?

जेवढं दिसलं तेवढं लिहितो. हात स्वच्छ आहेत, उडी चांगली, डावीकडे वळायला वेळ लागतो. मारामारीला मागे सरत नाही. चेंडू मिळाला नाही म्हणून कुणाच्या नावाने ओरडत नाही.

मैदान बघून मात्र जीव हलला. बाबांची जुनी गाडी, बोनेटवर आपण तिघं ओळीने बसलेले, आईच्या थर्मासमधला चहा आणि बाबांचं ते पंचाला उद्देशून म्हटलेलं काहीबाही, जे आई आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून खोकायची. अजून तसाच धुरळा, तसाच सॉसचा वास.

रागातून जेवढी माया वर काढता येईल तेवढी काढली आहे. उरलेली तू पाठव.

तुझा,
लॉय


बिरंडूल
मंगळवार, १६ ऑगस्ट १९९४

चि. लॉय यास आशीर्वाद.

वि. वि. कुणी सांगितलं म्हणून विचारतोस. मी कुणालाही सांगितलेलं नाही. चर्चची फुलं लावताना फक्त मॉरीन लोनर्गनच्या कानावर घातलं, तेही गुपित म्हणून. तिने फक्त आपल्या मुलाला सांगितलं. तो संघाचा प्रशिक्षक आहे, ह्यात माझा काय दोष? त्याने फक्त संघाला सांगितलं. म्हणजे गोष्ट अगदी घरातल्या घरात राहिली होती.

आणि पोरांनी केलं ते चांगल्या मनाने केलं. त्या लालकेशाने आयुष्यात मोजके गोल मारलेत, त्यातला एक त्याने कीरनसाठी सोडला. तुमच्या शहरात कोणी सोडेल? आपल्या गावातल्या पोराचं नाव पुकारलं गेलं त्याला किती वर्षं झाली हे आता कोणी बोलूनही दाखवत नाही.

मात्र जो खरा वैतागला तो कीरन. रविवारी मिस्सानंतर घरी आला, बसायला तयार नाही. टोपी हातात चुरगाळत म्हणाला की बर्नीआजी, तू लहानपणी माझी गणितं सोडवून द्यायचीस आणि मी ती तशीच बाईंना दाखवायचो, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आता ते बंद कर. मी म्हटलं, उद्धटपणा पुरे, स्कोन खा. खाल्ले. पण उभ्यानेच.

तुझ्या पत्राने मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. एक्कावन्न साली तो तपकिरी हॅटवाला मेलबर्नच्या क्लबकडून आला होता. तेव्हा ड्राफ्ट नव्हता. माणूस सरळ घरी यायचा आणि टेबलाशी बसायचा. आईने त्याला मटणाचा रोस्ट वाढला, दुसऱ्यांदा वाढला, आणि तो खाता खाता बाबांना त्यांच्या भावांची उंची विचारत होता. तुझे पाय बघायला त्याने तुला बूट काढायला लावले आणि तुझ्या मोज्याला भोक होतं. आई आठवडाभर त्या भोकाबद्दल बोलत होती. तू निवडला गेलास ह्याबद्दल नंतर बोलली. मार्टिन त्या दिवशी पलीकडच्या शेतात ट्रॅक्टरवर होता, कारण पाऊस होऊन गेला होता आणि पेरणी थांबवता येत नव्हती. त्यामुळे हॅटवाल्याने बघितलं ते तुलाच.

आता तू मला एक सांग. आपल्या मैदानावर ज्याची गाडी जिथे, तिथेच ती पिढ्यान् पिढ्या. हे तुला ठाऊक नाही असं नाही. तरी तू लोनर्गनांच्या जागेवर गाडी घुसवलीस. म्हातारा लोनर्गन पहिल्या क्वार्टरभर तुझ्या मागे इंजिन चालू ठेवून उभा होता, सभ्य माणूस, शब्द बोलला नाही. मला मात्र नंतर पुष्कळ बोलला. आणि निलगिरीखालची मार्टिनची जागा तुझ्या डोळ्यांसमोर रिकामी होती. तो गेल्यापासून तिथे अजून कोणी गाडी लावत नाही. तुझा हक्क होता. का नाही लावलीस?

माया पाठवते आहे. उत्तर आल्यावर वाढवीन.

बर्नाडेट


मेलबर्न
बुधवार, ३१ ऑगस्ट १९९४

ती. बर्नी हिस सा. न.

वि. वि. उशीर झाला. दोनदा लिहून फाडलं.

निलगिरीखाली गाडी नेली होती. सामन्याच्या आधी, मैदानात कोणी नसताना. इंजिन बंद करवेना. मग पहिली दिसली त्या जागेवर जाऊन उभा राहिलो.

चेंडू सगळे कीरनकडे जात होते म्हणून मी निघालो असं तुला वाटू दिलं. ते खरं नाही. त्यातूनही पोरगा दिसतो. त्यासाठीच तर मला पगार देतात. तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी त्याने चेंडू घेतला आणि वाऱ्यात मान खाली घालून, उजवं कोपर बाहेर काढून पळत सुटला. बर्नी, तो मार्टिन होता. सायलोपासून पाण्याच्या टाकीपर्यंत आपण पळायचो तेव्हाचा. मी लिहायला मान खाली घातली आणि काय बघितलं ते मला सांगता येईना. डावीकडे वळायला वेळ लागतो असं तुला कळवलं, तेही कीरनचं आहे की मार्टिनचं, मला खात्री नाही. मार्टिनही डावीकडे संथच होता. तरी त्याला कोणी पकडल्याचं मला आठवत नाही. पण आठवणारा मी धाकटा भाऊ. माझ्या आठवणीवर कोणता क्लब विश्वास ठेवील?

आम्हा दोघांत तो चांगला खेळायचा. हे मला माहीत होतं, त्याला माहीत होतं, आणि हॅटवाल्याला बहुतेक बाबांनी सांगितलं असावं, कारण चहा पिताना तो म्हणाला होता की थोरल्यासाठी परत येईन. तो काही आला नाही.

क्लबात मी सांगितलं की ह्या पोराचं वजन माझ्या तराजूत होणार नाही, दुसरा माणूस पाठवा. ते म्हणाले माणूस मोकळा नाही, पोरं शेकड्यांनी आहेत, सोडून दे. मी काही लिहिलं नाही तर त्याचं नाव आपोआप गळेल. हो लिहिलं तर ते कीरनसाठी की मार्टिनसाठी, हे मला मरेपर्यंत कळणार नाही. म्हणून आता पुन्हा विचारू नकोस.

पायाचं दुखणं कसं आहे? थंडीत मोजे दोन घालत जा.

तुझ्या मायेचा अजून गरजू,
लॉय


बिरंडूल
रविवार, ११ सप्टेंबर १९९४

चि. अलॉयशियस यास आशीर्वाद.

वि. वि. पत्र मिळालं. एकदा बसून वाचलं, एकदा उभं राहून. पाय ठीक आहे. मोज्यांबद्दल तू मला सांगावंस हा विनोद आहे.

पुन्हा विचारू नको म्हणतोस. मी विचारणारच, कारण तुझा हा हळवेपणा ज्याला भोवणार तो तू नाहीस. काल कीरन माझं सरपण फोडायला आला होता. फोडता फोडता, माझ्याकडे पाठ करून, त्याने विचारलं की लॉयआजोबा मध्येच गेले ते मी इतका वाईट खेळलो म्हणून का. मी म्हटलं मूर्खासारखं बोलू नको. तो म्हणाला की नाही, वाईट खेळलो हे मला माहीत आहे, फक्त किती वाईट ते कळलं तर बरं. लॉय, त्या पोराला वाटतं की तू वैतागून उठलास. महिनाभर तो हे मनात घेऊन सराव करतो आहे.

त्याला मिल्ड्युराच्या शेतीयंत्रांच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी मिळते आहे. चांगलं काम आहे, मालक भला आहे. ड्राफ्टसाठी नाव द्यायचं तर अर्ज शुक्रवार, २३ सप्टेंबरला संध्याकाळी पाचपर्यंत जायला हवा. आणि तो म्हणतो, ज्याला कळतं अशा कोणीतरी एकाने हो म्हटलं तरच देईन. नाहीतर ऑक्टोबरात आईला रेडिओशेजारी बसवून, न येणाऱ्या नावाची वाट बघायला लावायची नाही. सतरा वर्षांच्या मुलाला एवढं समजतं.

आता हॅटवाल्याबद्दल. तो आला नाही एवढंच तुला ठाऊक आहे, कारण तू तेव्हा मेलबर्नमध्ये नवे बूट घालून मिरवत होतास. इथे काय झालं ते मी बघितलं. तो सबंध हिवाळा मार्टिन दर शनिवारी जेवणाआधीच ट्रॅक्टर सोडून यायचा. न सांगता दाढी करायचा. स्वच्छ शर्ट घालून मैदानावर जायचा आणि सामना संपल्यावर सगळ्यांच्या शेवटी निघायचा. फाटकाकडे बघितल्याचं त्याने कधी दाखवलं नाही. बाबा काही बोलले नाहीत, आई काही बोलली नाही, आणि मी, जिला तू जिभेला हाड नाही म्हणतोस, मीही कधी बोलले नाही. पुढच्या वर्षी पेरणीच्या वेळी त्याने शनिवारची दाढी बंद केली. एखादा माणूस येऊन नाही म्हणाला असता तर तो आठवडाभर गुरगुरला असता आणि मोकळा झाला असता. नाही ऐकून मार्टिन मोडणारा नव्हता. त्याला कोणी नाहीही म्हटलं नाही.

तेव्हा तुझा तराजू कीरनसाठी झुकतो की मार्टिनसाठी, ह्याची मला काडीची पर्वा नाही. तुझे डोळे भरून येत असतील तर रुमाल आण. इतकी वर्षं परक्यांची पोरं पारखून तुझ्या नजरेला जी सवय लागली आहे ती एका आठवणीने पुसली जाणार असेल, तर क्लबने तुला घरी बसवावं हे उत्तम.

येत्या शनिवारी, १७ तारखेला, इथेच उपांत्य सामना आहे. मी कोणाला सांगितलेलं नाही. मॉरीनच्या वाट्याची फुलंसुद्धा मी ह्या आठवड्यात एकटीने लावते आहे, म्हणजे मोहच नको. ये. गाडी कुठे लावायची ते तुझं तू बघ. शेवटचा भोंगा होईपर्यंत जागेवरून हलू नकोस. चहाला येऊ नकोस, तुझा शिरस्ता मी पाळीन.

मग घरी जाऊन कीरनला लिही. मला नाही, त्याला. हो किंवा नाही, आणि त्याचं कारण, शाईने, खाली तुझं पूर्ण नाव घालून. नाही असेल तरी चालेल. पोरगा ऐकून घेईल, आणि सोमवारी मिल्ड्युराला मी स्वतः त्याला सोडून येईन. फोन चालणार नाही, निरोप चालणार नाही. गुरुवार, २२ सप्टेंबरच्या टपालात ते पत्र त्याच्या हातात पडलं पाहिजे. आयुष्य मी ह्या गावच्या टपाल कचेरीत काढलं आहे. मेलबर्नहून मंगळवारी सकाळी पेटीत टाकलेलं पत्र गुरुवारी इथे पोचतं, तेव्हा टपालाच्या नावाने रडू नकोस.

माया आहे, कमी झालेली नाही. तरी गुरुवारी दुपारी बारा वाजता मी त्याच्या फाटकाशी उभी असेन, आणि लेखी उत्तराची वाट बघत असेन.

बर्नाडेट