भिंगरीला झालेली शिक्षा

३ जून, रविवार
वहीबाई, रागावू नकोस. चष्म्याची काडी मोडली होती, म्हणून इतके दिवस तुला उघडलं नाही. आज मात्र राहवेना. दर रविवारी आमच्या नातीचा, भिंगरीचा, व्हिडिओ कॉल येतो. आज आलाच नाही! सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो. शेवटी जावईबापूंचा निरोप आला, नेहमीसारखा इंग्रजीत. भिंगरीचं नाव कळलं, 'नो कॉल' कळलं. मधला 'पनिश्ड' अडला. चौथीपर्यंतच्या शाळेत हा शब्द कुठे भेटलाच नव्हता. ही म्हणाली, "आजारपण नसलं म्हणजे झालं." झालं! तो निरोप आणखी सातदा वाचला.

४ जून
शेजारच्या गुरुजींना गाठलं. "टेलरसाहेब, पनिश म्हणजे शिक्षा करणे. बापाने मुलीला पनिश केलं, असं वापरायचं."
आजारपण नाही! जीव भांड्यात पडला.
"पण कशाबद्दल केलं, तेही सांगायचं असतं." ते तर निरोपात नाहीच. जीव पुन्हा भांड्याबाहेर.
"आणि शिक्षा कसली? मारलं असेल का हो?"
"ते शब्दावरून कळत नाही. कोपऱ्यात उभं करा नाहीतर फासावर चढवा, शब्द तोच."
काय हा शब्द! आमच्याकडे बटणालासुद्धा मापं असतात.

५ जून
ही म्हणते, लेकीला फोन लावा. कसा लावू? मागे एकदा पोरीला ओरडू नका म्हटलं, तर लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही मध्ये पडू नका हं." पुन्हा बोललो आणि कॉल कायमचाच बंद झाला तर?
"मग बसा त्या फोनवर. उबवा!" — इति ही.

६ जून
शर्टाची डावी बाही उजवीकडे लावली. उसवतोय.

८ जून
हिनेच फोन लावला! मी दाराआड. कळलं ते असं — भिंगरीने बापाच्या नव्या पँटचा एक पाय कापून अस्वलाला कोट शिवला. वर म्हणाली, "आजोबांनी शिकवलं." शिकवलं होतं खरं, गेल्या कॉलवर. पण वर्तमानपत्र कापायला! आता सगळं जुळलं. पोरीचं नुसतं नाव. जावईबापूंनी पनिश केलंय ते मला. कॉल बंद म्हणजे मी बंद. जेवण गेलं नाही. ही म्हणाली, "कोट बरा झालाय म्हणे." आता काय करायचाय कोट!

९ जून
लेकीचा फोन, खास मला. हसत होती. "बाबा, तुम्हाला कसली शिक्षा! तिची सगळ्यात आवडती गोष्ट आठवडाभर बंद, असं ठरलं होतं. आम्हाला वाटलं, कार्टून म्हणेल. पण तिने रडत रडत खरं सांगितलं — आजोबांचा कॉल."
उद्या रविवार. दाढी आजच करून ठेवली. भिंगरे, लवकर लाव गं फोन!